नलिनीताईंचा चुकलेला सल्ला

बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणी कॉम्प्युटर घ्यायला निघालं, की आधी नलिनीताईंकडे जाई. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मॉडेल, रंग, किंमत त्या ऐकूनच घेत नसत. "आधी सांग, दिवसभर त्यावर करणार काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा," त्या म्हणत. "कपाटं ढीगभर असू देत, ओटा वीतभर असेल तर स्वयंपाक रखडणारच. पण दोघांच्या घरात लग्नाच्या पंगतीचा ओटाही नक्को!"

माझं ऑफिस बंद पडलं, तेव्हा घरांचे नकाशे काढायची कामं मी घरूनच घ्यायचं ठरवलं. ताई म्हणाल्या, "आठ जीबीवर सुरू कर. काम वाढलं की मेमरी वाढवू." मी एक पातळ, देखणा लॅपटॉप आणला. दोन महिन्यांत तीन मजली इमारतीचं काम मिळालं आणि नकाशा उघडला की लॅपटॉप हँग होऊ लागला. गिऱ्हाईक चिडलं. मला वाटायला लागलं, हे आपल्याला जमणारच नाही.

ताई मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदारानं मागचं झाकण काढलं आणि मान हलवली. "अम्मा, मेमरी बोर्डकूच चिपकी सो है. बदलती नै, बढती बी नै."

ताईंनी वाकून तो उघडा लॅपटॉप स्वतः पाहिला. मग म्हणाल्या, "चूक माझी. वाढवायला जागा आहे का, हे मी आधी बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून त्यांचा स्वतःचा मोठा कॉम्प्युटर आमच्या दारात उतरला. मेमरी माझ्या चौपट. "तुझा मला दे. आता मला पत्रंच तर लिहायची असतात, तेवढा पुरे." मी नाही म्हणत होते, तोवर त्या तारा जोडायलाही लागल्या होत्या. तीन मजली इमारत त्याच कॉम्प्युटरवर पुरी झाली. पुढची कामंही.

त्यानंतर सल्ला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई ही गोष्ट सांगत. मला संकोच वाटे, त्यांना कधीच वाटला नाही. "बरोबर आलेली गणितं कोण लक्षात ठेवतं गं? चुकलेलं मात्र विसरत नाही," त्या म्हणत.

गेल्या वर्षी ताई गेल्या. भेटायला आलेल्यांत बरेच चेहरे अनोळखी होते. मी नाव सांगितलं, तशी एक बाई माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे ताईंनी ज्यांना चुकीचा सल्ला दिला होता, त्या तुम्हीच का?"

"हो," मी म्हणाले, "मीच ती."