घंटेचा आवाज संपेपर्यंत

आमच्या करमाडच्या शाळेत किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. रोज झटकले तरी दुसऱ्या दिवशी बाहीवर आहेतच! त्यातले निम्मे माझ्या 'पाच मिनिटां'चे. म्हणून आधी ती पाच मिनिटं कशी सुरू झाली ते सांगते.

माझ्या आठवीच्या वर्गात शाइस्ता आहे. तोंडी काहीही विचारा, धडाधड सांगते. पेपर हातात आला की कागद कोरा! तिच्या अब्बांचं जालना रोडवर वेल्डिंगचं दुकान आहे. ते एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "मॅडम, घर में तो सब फटाफट सुनाती. पेपर में क्या हो जाता इसको?"

त्यांचा तो प्रश्न मला फार लागला. त्याच महिन्यात शहरात शिक्षकांसाठी माइंडफुलनेसचं, म्हणजे मन एका जागी आणायचं, ट्रेनिंग निघालं. मी स्वतःहून नाव दिलं.

*

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, एक शेंगदाणा तोंडात ठेवायचा, सावकाश चावायचा, सगळं लक्ष चवीवर. मी डबाभर भाजलेले शेंगदाणे नेले, प्रत्येकाला एकेक वाटला आणि फळ्यावर सूचना लिहायला वळले. लिहून मागे बघते तर चाळीसही तोंडं रिकामी!

मागच्या बाकावरचा गणेश म्हणाला, "मॅडम, लक्ष लागतच व्हतं, तेवढ्यात संपला. अजून एक द्या की!"

*

शेंगदाणे बंद केले आणि घंटा धरली. आमची घंटा म्हणजे रुळाचा लोखंडी तुकडा, कडुनिंबाला टांगलेला. रोज परिपाठानंतर पाच मिनिटं. एक टोला पडला की डोळे मिटायचे, आवाज ऐकत राहायचं आणि ऐकू येईनासा झाला की हात वर करायचा. एवढंच!

पण टोला देणार आमचे शिपाई तात्या. इतक्या वर्षांचा हात! पहिल्याच दिवशी त्यांनी सवयीनं शाळा सुटल्याचे दणादण टोले दिले आणि अख्खी शाळा दप्तरं उचलून गेटवर!

हेडसर धावत आले. "तात्या, एकच टोला सांगितला होता ना?"

तात्या शांतपणे म्हणाले, "एका टोल्यात इथं कुणी ऐकत नाय सर. लई अनुभव हाय माझा."

*

महिनाभरानं गणेशची आई शाळेत आली, चांगलीच तापलेली.

"मॅडम, काय शिकवलं वो याला? काल म्या तासभर बोलत व्हते, हा आपला डोळे मिटून बसलेला. म्या गप झाले, तसा यानं हात वर केला!"

*

हेडसरांचं दुखणं वेगळंच. उपक्रम म्हटला की फोटो हवा! त्यांनी मोबाईलवर फोटो काढला, तो बघितला आणि वैतागले.

"मॅडम, सगळ्यांचे डोळे मिटलेत. वरचे साहेब म्हणतील, पोरं झोपलीत. जरा डोळे उघडे ठेवून करायला सांगा!"

मी साफ नाही म्हटलं. मग तेही हट्टाला पेटले. "सहामाहीत शाइस्ताचा कागद पुन्हा कोरा आला, तर ही पाच मिनिटं बंद. तो वेळ गणिताला."

"चालेल," मी म्हटलं. बोलून तर बसले, पण घरी जाईपर्यंत सहामाहीला किती दिवस उरले ते दोनदा मोजलं.

*

सहामाहीचा पहिलाच पेपर विज्ञानाचा. सुपरव्हिजन हेडसरांनी स्वतःकडे घेतलं आणि मला वर्गात पाय ठेवायला मनाई! मी व्हरांड्यात, खिडकीशी उभी. पेपर वाटले गेले. शाइस्ता पेनाचं टोपण नुसतं काढत-घालत होती.

तात्यांनी पेपर सुरू झाल्याचा टोला दिला. एकच.

चाळीस पेनं खाली गेली आणि चाळीस पोरांनी डोळे मिटले. हेडसर गांगरले. मग एकेक हात वर व्हायला लागला. त्यांना वाटलं, पेपरातच काही चूक आहे. ते गणेशजवळ गेले. "काय अडचण आहे?"

"अडचण नाय सर. आवाज संपला," गणेश म्हणाला आणि लिहायला लागला.

सगळ्यात शेवटी शाइस्ताचा हात वर झाला. पुढचं मला बघवेना. मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

पेपर संपल्यावर हेडसर गठ्ठा घेऊन आले आणि तो माझ्यासमोर ठेवला. सगळ्यात वर शाइस्ताचा पेपर होता, दोऱ्यानं पुरवणी बांधलेली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सर, मग पाच मिनिटं?"

तेवढ्यात बाहेर तात्यांनी पुढच्या पेपरचा टोला दिला. हेडसर होते तिथंच थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला.