भाऊजींनी बंद केलेलं खुराडं

"मावशी, डॅड इज गॉन," एवढंच बोलून माझी भाची फोनवर रडायला लागली. मी न्यू जर्सीत एडिसनला माझ्या घरी पोळ्या लाटत होते. माझ्या ताईचे यजमान, मधुकरभाऊजी, मिशिगनमध्ये नोव्हाय गावातल्या घरी हार्ट अटॅकने गेले होते. मला ताईचं फार वाईट वाटलं. त्यांचं वाटलं नाही. महिना उलटून गेला, अजूनही वाटत नाही… गेलेल्या माणसावर चार गोड वाक्यं लिहायची रीत आहे खरी, पण ती इतरांनी पाळावी.

भाऊजी एका मोटार कंपनीत हीटरचे इंजिनिअर होते. गाडीत बसणाऱ्यांचे पाय गरम कसे राहतील यात त्यांची हयात गेली, त्यामुळे उष्णता या विषयावर दुसऱ्या कुणी तोंड उघडणं त्यांना खपत नसे. आणि हाच विद्वान ऑक्टोबर लागला की कानटोपी चढवून 'वारा लागेल, वारा लागेल' करत घरभर फिरायचा. आपल्याकडे ताप येतो तो वारा लागून, मान धरते तीही वारा लागून. अमेरिकेतली डिग्री घेतली तरी ही भीती सामानातून बाहेर निघत नाही.

शेजारची अमेरिकन म्हातारी फ्लोरिडाला राहायला गेली तेव्हा आपल्या कोंबड्या खुराड्यासकट ताईला देऊन गेली. आमच्या माहेरी परसात कोंबड्या असायच्या, ताई हरखलीच. भाऊजी दिवसभर ऑफिसात, मुलगी कॉलेजात, ड्रायव्हिंगची ताईला धास्ती. ती कोंबड्यांशी मराठीत गप्पा मारायची. म्हातारीने जाताना बजावलं होतं की थंडी यांना सोसते, फक्त कोरडं ठेव आणि छपराखालच्या फटी कधी बुजवू नकोस. ताईने ते माझ्यासमोर भाऊजींना सांगितलं, तेव्हा ते नुसते हसले. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं आणि अजून संताप येतो.

ख्रिसमसच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते. टीव्हीवर कडाक्याच्या थंडीचा इशारा आला आणि भाऊजी कानटोपी घालून प्लास्टिकचा रोल आणि चिकटपट्टी घेऊन परसात उतरले. एक फट म्हणून सोडली नाही.

"अहो, ती म्हातारी म्हणाली होती वरून उघडं ठेवा," ताई म्हणाली.

"तिला थर्मोडायनॅमिक्स येतं का? यार, हीट वरूनच एस्केप होते. वारा लागून मरतील बिचाऱ्या."

"आत ओल धरेल हो."

"धरू दे. ओल म्हणजे ऊब!"

मुंबईत वाढलेल्या माणसाला दमट म्हटलं की उकाडाच आठवायचा. मिशिगनच्या थंडीत दमट म्हणजे बर्फ, हे कळायला हीटरचा इंजिनिअर असावं लागत नाही. दोन दिवसांनी सकाळी ताईने खुराडं उघडलं आणि मला हाक मारली. आतल्या भिंतींवर बर्फाचा पांढरा थर होता, खालचा भुसा ओलागच्च. कोंबड्यांच्याच श्वासाची वाफ, विष्ठेची वाफ, बाहेर जायला वाट नाही म्हणून त्यांच्याच तुऱ्यांवर बसून गोठली होती. मोठ्या तुऱ्याची एक पांढरी कोंबडी होती, ताईची लाडकी. तिच्या तुऱ्याची टोकं मेणासारखी फिकी आणि कडक झाली होती.

भाऊजींनी वाकून पाहिलं आणि निदान केलं, "टेप कमी पडली. आणखी एक लेयर लावू."

ताई आत गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. छपराखालचं प्लास्टिक तिने दोन्ही बाजूंनी टराटरा फाडलं. "माणसांना वारा लागतो हो. यांना ओल लागते," ती म्हणाली, आणि मग रडत ओरडली, "या गेल्या तर मी या घरात बोलू कुणाशी?"

"ओके, डू व्हॉटेव्हर," म्हणून ते आत चहा प्यायला गेले. आम्ही दोघींनी ओला भुसा उपसून कोरडा पसरला, पाण्याचं भांडं रात्रीपुरतं बाहेर काढलं. भाऊजींनी कोंबड्यांना बसायला बारीक गोल दांडी ठोकली होती. ती काढून ताईने रुंद फळी बसवली, म्हणजे पाय पोटाखाली घेऊन बसता येतं. पांढरीच्या तुऱ्याची टोकं काळी पडून गळाली, पण सगळ्या जगल्या. पुढे मंडळाच्या गणपतीत भाऊजी चारचौघांत सांगत होते, "कोंबड्यांसाठी मी सिंपल व्हेंटिलेशन डिझाइन केलं." ताई प्रसाद वाटत होती. ती प्रसादच वाटत राहिली, आणि मला तिचाही राग आला.

परवाच्या शोकसभेत एका काकांनी तेच व्हेंटिलेशन आठवून डोळे पुसले. ताईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्या बेडरूममध्ये जरा पडलो होतो. खोली कोंदट होती, त्यांच्या बामाचा वास अजून तसाच. आता तरी या घरात हवा येऊ दे, म्हणून मी उठून खिडकी चांगली वीतभर उघडली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "मंदा, लाव गं ती."

"आता कुणाला वारा लागणार आहे?"

"मलाच लागतो. या बाजूला ते झोपायचे ना… मला कधी कळलंच नाही बंद खिडकीतूनही एवढं गार येतं."

वाऱ्याला इतका भिणारा माणूस इतकी वर्षं खिडकीकडे झोपत होता. मी उठले आणि खिडकी लावून घेतली.