विझलेल्या भट्टीवर गेलेली गाडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. उद्घाटनांवर तर त्याहून नाही. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो, त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय...

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. नगरला आमच्या नव्या कॉलेजच्या फाटकासमोर मोटार स्टँड झाला. नेवाशा-राहुरीकडच्या मुलांनी इथे गाडी बदलायची. पत्र्याची शेड, दोन बाकडी — आणि त्यासाठी मंडप, सनई, मुंबईचे पाहुणे! पेट्रोल अजून रेशनवर. मागे बसवलेल्या भट्टीत कोळसा पेटवून त्या गॅसवर गाडी चाले. पाहुण्यांच्या टोपीवर धूर नको, म्हणून स्टँड-कमिटीच्या चिटणिसांनी सकाळीच भट्टीत पाणी ओतायला लावलं.

दुपार झाली, पाहुण्यांचा पत्ता नाही.

तेवढ्यात स्टँडवर शेंगा विकणारी चंद्रभागा लेकीला धरून आली. शेवंताला कळा लागल्या होत्या. "प्वार आडवं आलंय, दादा. सुयनीनं हात टेकले. दवाखान्यात न्या!"

टांगे? सगळे पाहुण्यांच्या मिरवणुकीला.

"पहिली गाडी पाहुण्यांची," चिटणीस म्हणाले. "रिबन कापल्याशिवाय चाक हलणार नाही."

"बाई मरंल, रावसाहेब!" ड्रायव्हर कासमभाई ओरडला. "रिबन काय तिच्या तिरडीला बांधायची हाय?"

आम्ही शेवंताला गाडीत निजवलं. "भट्टी पेटायला अर्धा तास, मास्तर," कासमभाई स्टिअरिंगवर बसत म्हणाला. मी भट्टीला हात लावला. माठासारखी गार. पेट्रोलची टाकी तर युद्धातच काढलेली. तरी मी चिटणिसांना एक सणसणीत शिवी हासडून हँडल मारलं... निव्वळ संतापाने.

इंजिन लागलं!

रिबन तोडून गाडी निघाली, ती थेट दवाखान्याच्या दारात थांबली. भट्टी उघडली, तर ओल्या कोळशातून पाणी गळत होतं.

शेवंता वाचली. मुलगी झाली.

उतार म्हणावा, तर रस्ता चढाचा. भट्टीत राहिलेला गॅस म्हणावा, तर तो कोपऱ्यापर्यंतही पुरला नसता. दुसऱ्या दिवशी ओल्या कोळशावर हँडल मारून मारून माझे खांदे भरून आले. गाडी ढिम्म.

कासमभाई म्हणाला, "काल दिली ती शिवी द्या की, मास्तर."

दिली. तरी नाही.

पुढे कमिटीने चौकशी केली... रिबनची! कासमभाईला काढून टाकलं, आणि शेडवर फरशी बसवली — 'माननीय पाहुण्यांच्या शुभहस्ते पहिली गाडी सुटली.'

ती गाडी कशी चालली, मला आजही सांगता येत नाही. फरशी मात्र तिथेच आहे. तिच्यासमोरून जाताना तीच शिवी अजून तोंडात येते.