ओल्या फडक्यातला ठोकळा

"किमोथेरपी लागू पडत नाहीये," नाशिकचे डॉक्टर म्हणाले. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, स्तनातली कॅन्सरची गाठ तसूभरही कमी झाली नव्हती.

"म्हणजे गाठ हट्टी आहे?" मी विचारलं.

"अहो, माझीच आहे ती," सुमन म्हणाली.

डॉक्टर हसले. याला ड्रग रेझिस्टन्स म्हणतात. काही गाठींच्या जनुकांतच अशी सोय असते, की आत आलेलं औषध पेशी बाहेर फेकून देतात. आता आशा हार्मोन रिसेप्टरवर होती. रिसेप्टर म्हणजे हार्मोनला धरून ठेवणारी पेशीतली जागा. ती असली, तर गोळ्यांनी गाठीची रसद तोडता येते. नसली, तर मार्ग फारसे उरत नव्हते.

गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांनी आमच्या हाती दिला. तो मुंबईच्या लॅबमध्ये पोचवायचा होता. "मेण आहे, उन्हापासून जपा."

मे महिना होता. आमच्या मोखाड्याहून पाहुण्यांना भाजी पाठवतो तसा मी तो ओल्या फडक्यात गुंडाळला, वर पळसाची पानं बांधली आणि एसटीत बसलो. पंचायत समितीत इतकी वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला अक्कल शिकवणार कोण?

लॅबमधल्या मुलीने पानं सोडली. ठोकळा शाबूत होता, पण त्यावरच्या नंबराच्या चिठ्ठीचा लगदा झाला होता.

"काका, नंबराशिवाय नाही घेता येत. कुणाचा आहे कसं कळणार?"

बूथवरून घरी फोन लावला.

"बाजूला बघा," सुमन म्हणाली. "मी पिनेने नंबर कोरलाय."

ती आश्रमशाळेत शिक्षिका. मुलांच्या ताटांवर खिळ्याने नावं कोरायची तिला सवय.

"मग फडकं भिजवताना अडवलं का नाहीस?"

"इतक्या मायेने गुंडाळत होतात. कसं अडवू?"

मुलीने नाशिकला फोन करून नंबर पडताळला आणि ठोकळा घेतला.

रिसेप्टर पॉझिटिव्ह आले. रोजच्या गोळीने गाठ हळूहळू आक्रसली, मग ऑपरेशन झालं. तुमच्या घरी ही वेळ आली तर डॉक्टरांना रिसेप्टरचं जरूर विचारा. आणि ठोकळा भिजवू नका.

सुमन घरी आल्यावर एकदा जेवताना माझ्या ताटाच्या काठाकडे लक्ष गेलं. माझं नाव कोरलेलं.

"हे कधी केलंस?"

"ऑपरेशनच्या आधी. म्हटलं, मी नसले तर निदान ताट तरी हरवू नका."

ते ताट आता मीच घासतो.