चार मिनिटांचा भारत

मीटिंगला जो गैरहजर त्याच्या गळ्यात काम, हा आमच्या सौदीतल्या जुबैलमधल्या भारतीयांचा जुना शिरस्ता. त्या शुक्रवारी मी रात्रपाळी करून आलो होतो आणि अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेलो नाही. दुपारी उठून फोन पाहिला तर कंपनीच्या गाण्याच्या स्पर्धेत भारताची एंट्री ठरवायची जबाबदारी माझ्यावर टाकलेली. वर सगळ्यांचे फुलांचे गुच्छ आणि अभिनंदन. कसलं अभिनंदन, कप्पाळ.

स्पर्धा तशी साधी होती. आमच्या कारखान्यात चौदा देशांची माणसं. कंपनीने ठरवलं की वार्षिक दिवसाला प्रत्येक देशाने एक गाणं म्हणायचं. एक देश, एक एंट्री, चार मिनिटं. चार मिनिटांनंतर घंटा वाजणार आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला मार्क कापणार. फिलिपिन्सवाल्यांचं पाच मिनिटांत ठरलं. इजिप्तवाल्यांचं एका चहात ठरलं. आमचं ठरायला सहा आठवडे लागले, आणि त्यात कारखान्याचं शटडाऊन, वर्षाची मोठी दुरुस्ती. म्हणजे बारा तास प्लांट, आणि उरलेल्या वेळात भारत.

पहिल्याच मीटिंगला, म्हणजे ज्या मीटिंगला मी शुद्धीवर हजर होतो त्या, आमचे सेक्रेटरी उठले. हे केरळचे, अकाउंट्समध्ये काम करणारे, गेली वीस वर्षं इथल्या प्रत्येक मंडळाचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "साब, इतना सोचना क्यों? आप की मॅडम गाती है. मैंने दिवाली में सुना. एक मॅडम, एक गाना, खलास."

आता हे सांगायला हवं की माझी बायको खरंच गाते. नाशिकला लग्नाआधी नऊ वर्षं एका बाईंकडे शिकली. त्या बाईंनी तिच्यासाठी म्हणून एक गाणं बांधलं होतं. दुपारी घाटावर कोणी नसतं, कपडे वाळत असतात, त्या वेळच्या नदीचं गाणं. एवढं मला माहीत होतं, कारण लग्न ठरलं तेव्हा कोणीतरी कौतुकाने सांगितलं होतं. इथे आल्यापासून सोळा वर्षांत तिला स्टेज असं मिळालंच नाही. दिवाळीला कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर बसून एखादं भजन म्हणायची, तेही मागे मुलांचा गोंधळ चालू असताना.

तर सेक्रेटरी असं म्हणाले, आणि खोलीतली तेलुगू, पंजाबी, बंगाली अशी सगळी डोकी माझ्याकडे वळली. कोणाचाच विरोध नव्हता. आणि मी काय म्हणालो? मी हात वर केले. म्हटलं, छे छे, माझ्याच घरात नको. कमिटीचा प्रमुख मी आणि गाणार माझी बायको, बरं दिसत नाही. उद्या लोक म्हणतील, आपलंच घोडं पुढे दामटलं.

कोणी काही म्हणणार नव्हतं. पण आपल्याला एक खोड असते ना, आपल्या माणसाला द्यायची वेळ आली की हात आखडायचा आणि त्यालाच सचोटी म्हणायचं. माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं. शाळेत मास्तर होते, आणि मी त्यांच्या वर्गात होतो म्हणून मला कधी पहिला नंबर दिला नाही. मला त्याचा राग यायचा. मोठेपणी मीही तसाच झालो, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घ्यायला लागलो.

मीटिंग सुटल्यावर आमच्या प्लांटमधला रत्नागिरीचा फिटर माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत आला. माझ्याहून वयाने मोठा, मराठी बोलायला मिळावं म्हणून असल्या मीटिंगांना येणारा. तो म्हणाला, "साहेब, वहिनींना विचारलंत काय?"

"कशाबद्दल?"

"नाही म्हणालात त्याबद्दल."

मी म्हटलं, "अहो, घरचीच आहे. समजून घेईल." गाडीचं दार तापलं होतं, त्याने आपल्या रुमालाने धरून मला उघडून दिलं.

घरी पोहोचलो तर तिला आधीच कळलेलं. सेक्रेटरींच्या बायकोचा फोन माझ्या गाडीपेक्षा वेगाने पोहोचला होता. ती कणीक मळत होती. मी म्हटलं, "अगं, तुझं नाव निघालं होतं, पण मीच म्हटलं, बरं दिसणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

"तुला राग नाही ना आला?"

"कशाचा राग? तुम्ही जेवून झोपा. संध्याकाळी पाचला बस यायची."

मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. बारावीला आहे, मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच. वर न बघता म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट ईव्हन आस्क हर." मी म्हटलं, तू केमिस्ट्री कर.

मग एका माणसाचं गाणं नको तर काय, यावर चर्चा. हिंदी म्हणावं तर तमिळवाले गप्प बसतात, आणि तमिळवाले गप्प बसले की मीटिंगमध्ये वारा बंद झाल्यासारखं होतं. शेवटी आपली नेहमीची तोड निघाली: सगळ्यांचं थोडं थोडं. सात भाषा, प्रत्येकीला तीस सेकंद, पुढे-मागे थोडं वाजवायचं आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून उभं राहायचं. हे ठरल्यावर खोलीत इतका आनंद पसरला की जणू जिंकलोच. मराठीचे तीस सेकंद कोण म्हणणार, हा प्रश्नच नव्हता. दुसरं कोणी गाणारं नव्हतं. मी तिला सांगितलं, तुला तीस सेकंद आहेत, तुझ्या बाईंचं गाणं म्हण. मनात म्हटलं, झालं की, तिचंही झालं.

त्या वेळी ती हसली हे मी पाहिलं. खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला होता. तीस सेकंदांत कुठल्या दोन ओळी बसतात हे ती कागदावर लिहून पाहत बसली. त्या गाण्याला वरचा एक सूर आहे, नदीचा फाटा वळतो तिथे, तो आला पाहिजे म्हणाली, नाहीतर गाण्याला अर्थ नाही. आठवडाभर तो कागद फ्रिजला चिकटवलेला होता. नाशिकला बहिणीला फोन करून सांगितलं, की अगं, स्टेजवर आहे. मोठा हॉल आहे, खुर्च्या आहेत. खुर्च्या आहेत हे तिने दोनदा सांगितलं.

मी मात्र शटडाऊनमध्ये पार पिचलो होतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. घरी येऊन आंघोळ, दोन पोळ्या आणि झोप. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला स्वयंपाकाची चंदेरी फॉइल लावलेली आहे, उजेड येऊ नये म्हणून. पाळीवाल्यांच्या घरात सगळीकडे तशीच असते. सोळा वर्षं मी अर्धा महिना दिवसा झोपत आलो. दाराची बेल काढून टाकलेली. मुलगी लहानपणी आपोआप चवड्यांवर चालायला शिकली. मला वाटायचं, आमच्या घराला शिस्त आहे.

रंगीत तालमीला मी जागा होतो, हे माझं नशीब की दुर्दैव कोण जाणे. रिक्रिएशन हॉल, एसी खडखडत होता. साउंडवाला लखनौकडचा, गळ्यात हेडफोन, कोणावरच खूश न होणारा. पंजाबी झालं, तमिळ झालं, मग ती माइकपुढे आली. तिने सुरुवात केली आणि मला काही ऐकूच आलं नाही. ओठ हलत होते. साउंडवाल्याने हात वर केला. "मॅडम, ज़रा ज़ोर से."

तिने परत सुरुवात केली. थोडं आलं. तो वरचा सूर आला तिथे आवाज धाग्यासारखा बारीक झाला आणि तुटला. साउंडवाला म्हणाला, "मॅडम, खुल के गाइए. अच्छा है, लेकिन खुल के."

ती हसली आणि म्हणाली, "आदत नहीं रही भैया. घर में साहब दिन में सोते हैं ना. किचन में एग्जॉस्ट चला के गाती हूँ."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलंच नाही. कुकरची शिटी बिघडली आहे हे ज्या आवाजात सांगावं, त्या आवाजात सांगितलं. साउंडवालाही हसला. रत्नागिरीचा फिटर मागे ढोलकी घेऊन बसला होता, त्याने ढोलकीवरच्या दोऱ्यांकडे बघायला सुरुवात केली. सोळा वर्षं. आणि मला वाटत होतं ती गात नाही.

तेवढ्यात सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं. सगळं मिळून चार मिनिटं पंचवीस सेकंद होत होतं. घंटा वाजणार, मार्क जाणार. काहीतरी कापावं लागणार होतं. कोणीच कोणाकडे बघेना. मी थकलो होतो, लाज वाटत होती, आणि त्या हॉलमध्ये आणखी एक मिनिटही वाद ऐकायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "मराठी कापा."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बंगाली बाईंनी तर माझा हात हातात घेतला. माझ्या मनाने लगेच कारण शोधून ठेवलं: तिचा आवाज लोकांपुढे तुटला असता तर तिलाच वाईट वाटलं असतं, मी तिला वाचवलं. हे कारण मी बरेच दिवस वापरलं. खरं कारण एवढंच, की आपल्या माणसाचं कापायला परवानगी लागत नाही असं मला वाटत होतं.

ती बाजूला उभी होती. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि कोरसच्या मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. उंची कमी म्हणून तिथे ती दिसतही नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तीन मिनिटं छप्पन्न सेकंदांत सगळं बसवलं. घंटा वाजली नाही. झब्बे, साड्या, मुंडू, सगळं व्यवस्थित. शेवटी हात वर. टाळ्या पडल्या, कारण हॉलमध्ये निम्मे लोक आपलेच. आमच्यानंतर श्रीलंका होती. त्यांची एकच बाई, कंपनीच्या दवाखान्यात साफसफाई करणारी. खुर्ची मागून घेतली, बसली, डोळे मिटले आणि एक गाणं म्हटलं. वाद्य नाही, काही नाही. काय म्हणत होती ते कोणाला कळलं नाही, पण इजिप्तवाले इंजिनियर रुमाल काढून बसले. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या मांडीवर तिची बोटं ताल मोजत होती, आणि डोळे भरलेले होते. ते श्रीलंकेच्या बाईसाठी होते असं मी स्वतःला सांगितलं.

श्रीलंका पहिली आली. आम्हाला सहभागाची पाटी मिळाली. सेक्रेटरी खूश होते. म्हणाले, साब, बीस साल में पहली बार कोई झगड़ा नहीं हुआ.

घरी जाताना गाडीत आम्ही तिघंच. शेवटी मीच म्हटलं, "घरी गेल्यावर ते गाणं म्हण ना. पूर्ण. मी कधी ऐकलंच नाही."

"आता?" ती म्हणाली. "उद्या तुमची सकाळची पाळी आहे. आणि मला पुढचं आठवत नाही हो."

मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "शी इज लाइंग, बाबा."

"तू गप्प बस," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

त्यानंतर मी दोन-तीनदा विषय काढला. एकदा तिने दोन ओळी म्हटल्या, त्या तीस सेकंदांच्याच, आणि मग दूध उतू जाईल म्हणून उठली. मी बदलीचा अर्ज केला आणि मला दिवसाची जनरल ड्यूटी मिळाली. फॉइल मी स्वतः खरवडून काढली, बेल परत बसवली. फरक काही पडला नाही. मी घरात जागा असलो की ती गात नाही. सोळा वर्षांची सवय आहे; मी झोपलेला असतो, तेव्हाच तिचा वेळ असतो.

म्हणून आता शुक्रवारी जेवण झालं की मी आडवा होतो आणि डोळे मिटतो. या वयात झोपेचं सोंग आणावं लागेल असं वाटलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटं ती भांडी आवरते. मग दार हळूच ओढून घेते, स्वयंपाकघरातला एग्जॉस्ट सुरू होतो, आणि त्याच्या घरघरीखालून ते येतं. घाट, वाळत घातलेले कपडे, नदीचं वळण. तो वरचा सूर फॅनच्या आवाजात बुडतो, पण तुटत नाही. तिला सगळं आठवतं. एकदा मला ठसका लागला तर मध्येच थांबली, म्हणून मी आता घसा आधीच साफ करून घेतो.

गेल्या शुक्रवारी मी उशीखाली फोनवर वेळ मोजून पाहिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीन मिनिटं पन्नास सेकंद. पूर्ण गाणं. कोणाचं काही न कापता, घंटेच्या आत, दहा सेकंद राखून बसलं असतं.

मग फॅन बंद झाला. दार थोडं उघडून तिने विचारलं, "उठलात का? चहा टाकू?"

मी झोपेतून जागा झाल्यासारखा आवाज काढून म्हटलं, "टाक."