रोमन लिपीतला थोर लेखक

अमेरिका नावाचा देश नुकता आकाराला येत होता, तेव्हाचा तो लेखक. माणूस जन्मतः स्वतंत्र असतो, असं त्याने जाडजूड ग्रंथांत लिहिलं. ते लिहिताना त्याच्यापुढे चहा ठेवणारी बाई त्याने विकत घेतलेली होती. आत्मचरित्रात स्वतःच्या पोटदुखीला त्याने अख्खं प्रकरण दिलंय. त्या बाईला एक ओळ, तीही ती पळून गेल्यावर घरात किती गैरसोय झाली हे सांगायला. असला हा महात्मा.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत मुलं थोर माणसांवर भाषणं करतात. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आईबाप मराठी भाषण रोमन लिपीत लिहून देतात आणि मुलं ते पाठ करतात. यंदा माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने हा लेखक निवडला. शाळेत ती त्याचं आत्मचरित्र वाचत होती, आणि जेवताना आम्ही दोघं मिळून त्याची सालटी काढायचो. मी त्याला ढोंगी म्हणायचो, ती खिदळायची.

भाषण मात्र मी लिहिलं ते गरिबी, कष्ट, स्वातंत्र्याची ओढ आणि शेवटी बोध असं.

तिने कागद वाचला. "बाबा, ती बाई कुठे गेली?"

मी म्हणालो, मंडळात असलं चालत नाही, लोक कौतुक करायला येतात.

"पण तू त्याला ढोंगी म्हणतोस."

"ते घरी."

मी एक शब्द बदलला नाही. पहिल्या रांगेत हॉस्पिटलमधले माझे सीनियर सहकुटुंब बसणार होते. माझ्या मुलीचं मराठी मला त्यांना ऐकवायचं होतं, बाकी काही नाही.

कम्युनिटी हॉलमध्ये ती आईची साडी नेसून उभी राहिली आणि सगळं न अडखळता बोलली. त्या बाईबद्दल ती एखादं वाक्य स्वतःहून घालेल, या आशेवर मी बसलो होतो. माझ्यात नसलेली हिंमत तिने दाखवावी, ही माझी अपेक्षा. तिने ते वाक्य घातलं नाही. टाळ्या पडल्या. एक काकू म्हणाल्या, अगदी पुण्याची वाटते हो. मी हात जोडून हसलो.

परवा जेवताना मी पुन्हा त्या ढोंग्याचा विषय काढला, शिव्याही घातल्या.

"थोर लेखक होता, बाबा," ती शांतपणे म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.