लेथवर घडवलेली पिन

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. तेव्हा मी सौंसरला ठाणेदार होतो. एका दुपारी संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला: बोरगावजवळच्या बागेत अज्ञात इसमांनी गोळी झाडली, भावाच्या मांडीत लागली. पंचनामा करताना कळलं की इसम कुणीच पाहिले नव्हते, आणि रिकामं काडतूस व्यापाऱ्याच्याच खाटेखाली पडलं होतं. खोटं बोलणाऱ्याचा घसा लवकर सुकतो. यानं तासाभरात चारदा पाणी मागितलं.

संध्याकाळी रामाकोना गावातला माझा खबऱ्या आला. "साहेब, त्याचं पिस्तूल मागच्या हप्त्यात लेथवाल्याकडं होतं. कमरेतून पडलं अन् आपोआप उडलं म्हणते."

कुठला लेथवाला, हे मला विचारावं लागलं नाही.

परवान्याचं ते पिस्तूल मी जप्त केलं आणि मॅगझीन काढून निश्चिंत झालो. पोलीस लाईनीतून आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा हवालदार आला. त्यानं नळी भिंतीकडे धरून स्लाइड ओढली, तर चेंबरमधून जिवंत काडतूस टेबलावर पडलं. त्यानं चेंबरमध्ये डोकावून पाहिलं, बोटानं चाचपलं, मगच पिस्तूल खोललं. काडतुसावर आदळून गोळी उडवणारी आतली पिन लेथवर घडवलेली होती.

"पार्ट त्याच मॉडेलचा लागते साहेब, अन् बसवल्यावर तपासणी लागते," तो म्हणाला. "अंदाजानं बसवला का माणूस मरते."

लेथवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, मोटारपंप दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. त्यानं काहीच लपवलं नाही.

"गुन्हा काहून म्हणता, साहेब? मागच्या साली तुम्हीच त आपलं पिस्तूल आनलं होतं. चांगलं झालं म्हणून चहा पाजला मले."

खरं होतं. माझ्या सरकारी पिस्तुलाची स्प्रिंग गेली होती. लाईनीत पाठवायचं तर अर्ज, शेरे, पंधरा दिवस. लेथ पाच मिनिटांवर होता.

जबाब लिहिणाऱ्या मुंशीनं पेन उचलून माझ्याकडे पाहिलं.

"ते सोड," मी म्हणालो. "पुढचं लिही."

व्यापाऱ्याचा भाऊ वाचला, पण लंगडतो. व्यापाऱ्याला जामीन लगेच मिळाला, लेथवाला आठ महिने आत राहिला. माझं पिस्तूल मी दुसऱ्याच दिवशी लाईनीत पाठवलं. कारण लिहिलं, 'नियमित तपासणी'. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं नाही, हे त्यानंतर प्रत्येक नव्या शिपायाला मी ओरडून शिकवलं. लेथवाल्याचं ते एक वाक्य मात्र जबाबात कधीच गेलं नाही. त्याची मला लाज वाटते.

निवृत्तीनंतर घरचा पंप बिघडला. बरेच दिवस टाळलं, शेवटी पोत्यात घालून त्या लेथवाल्याकडेच गेलो. त्यानं राम राम केला, पण पोत्याला हात लावला नाही.

"पंपच आहे न, साहेब?"

"हो."

"उघडून दाखवा."

मी उघडून दाखवलं.

"मंग ठेवा," तो म्हणाला.